काखेतली नळी

पेणच्या एस.टी. स्टँडवर ते उतरले की नवख्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याचा डावा हात गेलेला दिसतो. हात अंगाशी घट्ट दाबलेला, खांदा किंचित वर उचललेला, चाल जपून. पिशवी, छत्री, तिकीट, सुटे पैसे, सगळा संसार उजव्या हातात. कुणी भला माणूस पिशवी धरायला पुढे झाला तर म्हणायचे, "नको. हात शाबूत आहे. त्यात माल आहे."

माल म्हणजे कुणाच्या तरी पोराच्या पाठीतलं पाणी. रबरी बुचाच्या काचेच्या नळीत, शर्टाच्या आत, काखेत धरलेलं.

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर कमरेजवळ मणक्यांच्या फटीत सुई घालून थोडं पाणी काढतात. निरोगी माणसाचं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ असतं. त्यात पू आहे का, जंतू आहे का, असला तर कोणता, हे आम्ही लॅबवाल्यांनी सांगायचं. त्यातले काही जंतू मोठे नाजूक. माणसाच्या अंगातल्या उबेची त्यांना इतकी सवय की गार लागलं की मरतात. मेले की प्लेटवर, म्हणजे त्यांचं खाद्य ओतलेल्या काचेच्या बशीत, वाढत नाहीत, आणि वाढले नाहीत की त्यांची पक्की ओळख पटत नाही. म्हणून ती काख. "देवाने फुकट दिलेली उबेची पेटी आहे," ते म्हणायचे, "वीज जात नाही, दुरुस्तीला मुंबईला पाठवावी लागत नाही." तिचा वास येतो हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते काखेला चंदन लावून येऊ लागले.

मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं होते. पेणमधलं एक धर्मादाय इस्पितळ, त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची लॅब. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत आणि रेल्वे अजून रोह्यापर्यंत आली नव्हती. मी नुकतीच परीक्षा पास झालेली, दोन वेण्या घालणारी, आपल्याला सगळं येतं अशा समजुतीतली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला मेंढीची भीती वाटते का?" मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. तो अंदाज फारसा चुकीचा नव्हता.

मेंढी खरोखरीच होती. इस्पितळाच्या मागे बदामाच्या झाडाखाली, फळ्यांच्या चौथऱ्यावर. पावसात पायांना चिखल लागून खूर कुजू नयेत म्हणून तो चौथरा त्यांनी स्वतः ठोकला होता. या जंतूंना वाढायला रक्त लागतं, ताजं, निर्जंतुक. ते मेंढीच्या मानेतून सुईने काढायचं, काचेचे मणी घातलेल्या चंबूत हलवत राहायचं म्हणजे गोठत नाही, मग गरम आगरमध्ये, म्हणजे प्लेटीत ओतायच्या खळीत, मिसळायचं. त्याचा रंग चॉकलेटसारखा होतो आणि नावही तेच पडलंय. रक्त काढून झालं की ते मेंढीला गूळ देत आणि तिच्या कानात काहीतरी बोलत. कधी त्या कामाला मी कुरकुरले तर म्हणायचे, "त्या तुमच्याआधीपासून नोकरीत आहेत. कधी रजा मागितली नाही." मेंढीलाही अहो-जाहो. शिपायाला, झाडूवाल्याला, सगळ्यांनाच.

ती आणली कशी याची गोष्ट पेणमध्ये पुष्कळ दिवस सांगत. आमच्याकडे मेंढ्या नाहीत. भातं कापून झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात आणि रिकाम्या शेतांत बसवतात. हे गडब गावाजवळ एका कळपापाशी जाऊन उभे राहिले आणि एकेका मेंढीची मान चाचपून बघू लागले. धनगर म्हणाला, "कापायला न्हेताय का पाळायला?"

"नोकरीला ठेवायची आहे."

धनगराने पैसे आधी घेतले आणि मग मेंढी सोडली. येताना एस.टी.च्या कंडक्टरने तिला चढू दिलं नाही. मग हे गडबपासून पेणपर्यंत तिच्याबरोबर चालत आले. तेव्हापासून ते मेंढीवाले. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या पेणला सांगता आलं नसतं.

खाणं म्हणजे पोह्याच्या पापडाच्या लाट्या. पेणच्या बायका पापड लाटायला बसल्या की हे दाराशी हजर. कच्च्या लाट्या, तेलात बुडवून, दहा-बारा. जेवणाचा डबा बऱ्याचदा तसाच परत जाई. वीज गेली की त्यांची खरी धांदल उडायची. उबेच्या पेटीत प्लेटी ठेवलेल्या असत, ती गार होऊ लागली की ते प्लेटी पंच्यात गुंडाळून पोटाला बांधत, वरून शर्ट, आणि वीज येईपर्यंत तसेच फिरत. एकदा त्या अवस्थेत त्यांना बाजारात भाजी घेताना मी पाहिलं. भाजीवाली म्हणाली, "मेंढीवाले, पोट सुटलं तुमचं." ते म्हणाले, "दिवस गेलेत," आणि कोथिंबीर निवडत राहिले. ती बाई हसतेय, मी हसतेय, ते अजिबात हसत नाहीत.

शिकवण्याची त्यांची पद्धतही अशीच उफराटी. मायक्रोस्कोपाखाली मी भराभर काच सरकवते असं त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मला गणपतीच्या एका कारखान्यात घेऊन गेले. तिथे एक म्हातारे कारागीर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. बाकीचं रंगकाम कुणीही करो, डोळे तेच. त्यांच्या शेजारी पाट टाकून मला बसवलं आणि म्हणाले, "आठ दिवस सकाळची इथे बसा. काही करायचं नाही. हे कसे बघतात ते बघायचं." मला रडू आलं होतं. मी लॅबची पदवी घेतली होती, मूर्तिकामाची नव्हे. म्हातारेबाबा डोळा आखायच्या आधी त्या कोऱ्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत की मला वाटे, यांना झोप लागली. मग एकच रेघ. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "एवढं काय बघता?" ते म्हणाले, "बघून झालं की हात चालतो. नाय झालं तर नाय चालत."

लॅबमध्ये परत आल्यावर मेंढीवाल्यांनी मला नियम सांगितला. पाठीच्या पाण्याची काच अर्धा तास. घड्याळ लावून. जंतू लवकर दिसला तर उत्तम, नाही दिसला तर अर्धा तास झाल्याशिवाय मान वर करायची नाही. "दिसत नाही असं लिहिण्याचा हक्क अर्ध्या तासाने मिळतो." मी दोन वर्षं तो नियम पाळला. ते शेजारीच बसलेले असत, न पाळून करते काय.

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. एका पोराची आई लॅबच्या दारात उभी राहून विचारत होती, "बरा व्हईल ना वो?" ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. त्याच्या पाण्यात पू आहे, एवढं मला माहीत आहे." ती जागीच बसली. मी नंतर तणतणले, दोन शब्द बरे बोलले असतात तर काय बिघडलं असतं म्हणून. त्यांनी चष्मा पुसला. "मी उगाच बरं बोललो, तर उद्या खरोखर बरं सांगेन तेव्हा ती विश्वास कसा ठेवील?" पोर गेलं. पुढचं बरं सांगायची वेळच आली नाही.

लोकांना वाटे, यांचं स्वतःचं एखादं मूल असंच गेलं असणार, त्याशिवाय माणूस इतका पछाडलेला असत नाही. तसं काहीही नव्हतं. अलिबागला बायको होती, दोन धडधाकट मुलगे होते आणि तिघांनाही हे नकोसे झाले होते. महिन्यातून एकदा ते घरी जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत, प्लेटी बघायच्या आहेत म्हणून.

आमच्या धंद्यातली रड अशी, की काच तासाभरात बोलते, पण खात्रीचं उत्तर प्लेट देते आणि प्लेटला दोन दिवस लागतात. पोरं दोन दिवस थांबत नाहीत. रविवारी आणलेलं पोर सोमवारी गेलेलं असायचं आणि मंगळवारी प्लेटवर छान जंतू उगवायचे. मी म्हणायचे, आता टाकून द्या, कुणासाठी बघताय? ते टाकत नसत. गेलेल्या माणसाची तपासणी ते शेवटपर्यंत करायचे, रिपोर्ट लिहायचे, आणि तो स्वतः नेऊन द्यायचे. लोक शिव्या घालत. दहाव्या दिवशी दारात येऊन हा माणूस मेलेल्या पोराचा कागद देतो म्हणजे काय? पण ते म्हणत, "त्या घरात अजून माणसं आहेत." मेंदूज्वराचा एक जंतू श्वासातून शेजारच्याला लागतो. तो असला तर घरच्या सगळ्यांना गोळ्या द्याव्या लागतात, लगेच. दुसरा असला तर काही करावं लागत नाही. म्हणून नाव कळायला हवं. एवढं साधं होतं ते. मला ते कळायला फार मोठी किंमत द्यावी लागली, आणि ती मी दिली नाही, दुसऱ्या कुणी दिली.

ते गेले ते निवृत्तीनंतर चार वर्षांनी, अलिबागला. मेंढी त्याआधीच गेली होती. शेवटच्या दिवसांत ते कुणाला ओळखत नव्हते असं त्यांच्या मुलाने सांगितलं. मी भेटायला गेले नाही. जायला हवं होतं. मधे त्या दोन पोरांची गोष्ट होती.

पेणमध्ये दोन वर्षं काढून मी रोह्याला एका लहान इस्पितळात लागले. लॅबमध्ये मी एकटी. साध्या तपासण्या मी करायच्या, प्लेट लावायची असली की नमुना पेणला पाठवायचा. शिमग्याच्या आधीचे दिवस. खाडीकडच्या कोळीवाड्यातून एक बाप नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून घेऊन आला. ताप, उलट्या, मान ताठ, उजेड सहन होत नव्हता. बरोबर बायको आणि पोराची सहा वर्षांची बहीण. डॉक्टरांनी लगेच पाठीतलं पाणी काढलं. तांदूळ धुतल्यासारखं गढूळ.

त्या दिवशी माझ्यापुढे हिवतापाच्या वीसेक काचा पडल्या होत्या, आणि कंपनीतले कामगार तपासणीसाठी रांगेत उभे होते, त्यांना पुढची शिफ्ट गाठायची होती. मी पाणी तपासलं. पू भरपूर. काच रंगवून बघितली. पू-पेशीच पेशी, जंतू दिसेना. मी अर्धा तास बघितली नाही. दहा मिनिटं बघितली. शेजारी कुणी नव्हतं. मी लिहिलं, जंतू दिसले नाहीत.

उरलेलं पाणी पेणला पाठवायचं होतं. शिपाई रजेवर. बाप म्हणाला, "मी नेतूं. बायको बसते पोराजवल." मी नळी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "जपून न्या. हे खराब झालं तर पुन्हा काढणं कठीण."

एवढंच म्हटलं. ऊब लागते, गार करायचं नाही, काखेत धरा, हे दोन वर्षं मी रोज ऐकलं होतं. ते मला इतकं ठाऊक होतं, की दुसऱ्याला ते सांगावं लागतं हे मला सुचलंच नाही.

तो माणूस बाजारात गेला. ओळखीच्या ठिकाणाहून बर्फ घेतला, चुरा केला, ॲल्युमिनियमच्या डब्यात भरला, मधोमध नळी उभी रोवली, वर भुसा घातला, डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. गाडी नागोठण्याला थांबली तेव्हा उतरला, वितळलेलं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा बर्फ भरला. जन्मभर जे जे त्याने जपून नेलं होतं ते असंच नेलं होतं. मांडीवर डबा घेऊन तो पेणला पोचला आणि मेंढीवाल्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी झाकण उघडलं. पुढचं मला तिथल्या शिपायाने सांगितलं. ते ओरडले. कधी न ओरडणारा माणूस, बाहेरच्या बाकांवरची माणसं आत बघू लागली इतका ओरडला. "ही काय पापलेटं आहेत? मेलं असेल सगळं आतलं." बाप हात जोडून म्हणत होता, "बाय बोलली जपून न्या. नासू नये म्हनून बरफात घातला वो. दोनदा घातला."

मग त्यांनी मला फोन लावला. "बाई, त्याला काय सांगितलं होतंत?"

"जपून न्या म्हटलं."

मग म्हणाले, "कोळ्याला जपून न्या म्हटलंत," आणि फोन ठेवला.

प्लेट त्यांनी तरीही लावली. दुसऱ्या दिवशी कोरी, तिसऱ्या दिवशी कोरी. मुलगा दुसऱ्याच दिवशी दुपारी गेला होता. तो वाचला असता का? नसता बहुतेक, फार उशिरा आणला होता. प्रश्न त्याचा नव्हता आता, त्याच्या बहिणीचा होता. मेंढीवाल्यांनी आमच्या डॉक्टरांना फोनवर विनवलं, घरच्यांना गोळ्या सुरू करा. डॉक्टर म्हणाले, "कशाच्या जोरावर? तुमची प्लेट कोरी, बाईंच्या काचेवर काही नाही. दुसराच जंतू असेल तर अख्ख्या वाडीला उगाच गोळ्या चारायच्या?" डॉक्टर वाईट नव्हते. कागदावर जे होतं ते वाचून बोलत होते आणि कागद माझा होता.

पाचव्या दिवशी सकाळी त्या मुलीला आणलं. ताप, आणि पायांवर जांभळे ठिपके. तिची आई तिला धरून उभी होती, रडत नव्हती. मी पेणला फोन केला. साडेअकराला ते स्वतः रोह्यात. पाठीचं पाणी काढताना पोरीचे गुडघे त्यांनीच धरले. नळी घेतली, काखेत घातली. निघण्यापूर्वी माझ्या टेबलाशी थांबून मी नुकतीच रंगवलेली काच बघितली. दोन मिनिटंही लागली नाहीत. काच जंतूंनी भरलेली होती. शोधायची गरजच नव्हती. त्यांनी डॉक्टरांना त्या श्वासातून लागणाऱ्या जंतूचं नाव सांगितलं आणि परतीची गाडी पकडली.

त्या दिवशी चार वाजायच्या आत कोळीवाड्यात घरोघर गोळ्या पोचल्या. तिसरं कुणी आजारी पडलं नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिच्या पाण्याची प्लेट पेणला सुरेख उगवली, त्यांनी मला तसं कळवलं. सुरेख हा शब्द त्यांनी वापरला नव्हता, तो माझा. मी इतकी वर्षं या धंद्यात काढली की मला असल्या गोष्टीला सुरेख म्हणता येतं.

आठवड्याभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं. "मुलाची काच टाकली नसेल तर घेऊन या. बुधवारी या." ख्यालीखुशाली नाही, सही नाही. काच मी टाकली नव्हती. बुधवारी सकाळच्या गाडीने पेणला गेले. त्यांनी काच घेतली, खिडकीशी मायक्रोस्कोप सरकवला, तेलाचा थेंब टाकला आणि बसले. मी तासभर बसले, मग मेंढीला पाला घालून आले, परत बसले. ते हलले नाहीत. काचेच्या एका कडेपासून सुरुवात करून ओळीने, नांगरटीसारखं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शिपायाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

दीडच्या सुमाराला ते उठले. "या. बघा. काच हलवू नका."

मी डोळा लावला. एक पू-पेशी, जांभळटसर, फुगलेली. आणि तिच्या आत, लालसर, वालाचे दाणे एकमेकांकडे तोंड करून ठेवावेत तशा जंतूंच्या दोन जोड्या. आजूबाजूला काही नाही. सगळ्या काचेवर तेवढंच.

मी कितीतरी वेळ मान वर केली नाही. करायची हिंमत नव्हती.

"किती वेळ बघितली होतीत?" मागून त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"हं."

ओरडले नाहीत. डब्यातला बर्फ बघून ओरडलेला माणूस माझ्यावर ओरडला नाही. मला ते अजून सहन होत नाही. त्या दिवशी त्यांनी मला चार माणसांत हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, निदान काहीतरी फिटलं असतं.

तीन वाजता त्या मुलांचा बाप आला. त्यांनीच निरोप धाडून बोलावला होता, मला माहीत नव्हतं. पार वाळला होता. आत यायला तयार नव्हता, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात गेलो. ते त्याला बाकावर बसा म्हणाले, तो बसला नाही.

"डाक्टर," तो म्हणाला. सगळेच त्यांना डॉक्टर म्हणत. "येक इचारायचा हाय. मी बरफ नसता घातला, तं पोरगी ऱ्हायली असती?"

उत्तराची वाट न बघता तो सांगत सुटला.

"बायको माज्याशी बोलत नाय. सगल्यांना सांगते, यानी बरफ घातला म्हनून. माजा भावस पन बोलतो. मी तवापासना होडीवर गेलो नाय. बरफाला हात लावला का माजा हात कापतो वो." त्याने हात पुढे करून दाखवला.

मेंढीवाले त्याच्याजवळ गेले. नेहमीच्याच आवाजात, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाले, "तुमच्या बर्फाने काही झालेलं नाही. तुम्ही रोह्याहून निघालात त्याच्या आधीच जंतू काचेवर होता. आजच बघितला मी. तो तेव्हाच दिसायला हवा होता. त्याच दिवशी गोळ्या मिळायला हव्या होत्या. आम्हाला दिसला नाही. चूक आमची आहे."

बाप त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंजे माज्यामुलं नाय?"

"नाही."

"खरा सांगताव?"

"खरं सांगतो. मी तुमच्यावर ओरडलो तेही चुकलं."

"तिला सांगू मी आसा? घरी?"

"सांगा. लिहून देतो." ते आत गेले, रिपोर्टच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि आणून दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मग तो तिथेच खाली बसला आणि रडला. किती तरी वेळ रडला. त्याची दोन पोरं गेली होती आणि सुटल्यासारखा रडत होता.

उठल्यावर त्याने मेंढीवाल्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले. मग तो माझ्याकडे वळला. काच बघणारी मी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की मी त्याच्या पोरांच्या वेळी रोह्यात होते आणि आज त्याच्यासाठी इतक्या लांब पेणला आले. त्याने हात जोडले.

"बाय, तुमचं लई उपकार झालं."

मेंढीवाले माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मी बोलेन म्हणून वाट बघत होते.

मी हात जोडले आणि म्हटलं, "रोह्याची गाडी साडेचारला आहे."